फ्लेक्सवरचा मार्गदर्शक

घोडेगावात भरत सरांची अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जी जागा निघेल तिची तयारी तिथे होते. पोरगं नोकरीला लागलं की शिनोलीच्या चौकात फ्लेक्स लागतो आणि त्याच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, सरांचा फोटो असतो. खाली ‘मार्गदर्शक’. न लागलेल्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही. त्यामुळे चौकातून बघणाऱ्याला सर म्हणजे परीसच वाटायचे.

या वेळी फ्लेक्सवर तेजस्विनी होती. डिंभ्याच्या वरच्या वाडीतल्या कोंडाबाईची धाकटी. आयटीआय करून ती वीज कंपनीत लागली होती, तेही पोलवर चढायच्या कामाला. असं काम करणारी मुलगी आसपास कुणी पाहिली नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी सत्कार ठरवला. सरांनी लगोलग आपला फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवला. पाठवताना बोट जरा अडखळलं, नाही असं नाही. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागली की बोट फार वेळ अडखळत नाही.

कारण तेजस्विनीला वाट दाखवणं दूरच, सरांनी तिची वाट अडवायला कमी केलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने भर वर्गात विचारलं होतं, “सर, आयटीआयला वायरमनसाठी नाव घालू का? मला उंचावर भीती वाटत नाही.”

“काही नको चढायला,” सर म्हणाले होते. “आणि चढायचंच असेल तर सांगून चढ. आम्ही खाली चादर धरून उभे राहतो.”

वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली आणि सर तिला विसरूनही गेले.

सत्काराच्या सकाळी वारा सुटला. अभ्यासिकेतल्या पोरांनी फ्लेक्स बांधला होता नेमका विजेच्या पोलला, आणि तोही चांगला उंच, सर लांबून दिसावेत म्हणून. एका बाजूची दोरी तुटली. फ्लेक्स तारांवर आपटू लागला, तारा एकमेकींना लागल्या आणि ठिणग्या उडाल्या. देवळाच्या मंडपात जमलेली माणसं चौकात धावली, त्यांत सरही होते.

तेवढ्यात कंपनीची गाडी आली आणि सत्कारमूर्तीच खाली उतरली. ड्यूटीवरून थेट, हेल्मेट काखेत. तिने वर पाहिलं. आपला चेहरा पाहिला, कोपऱ्यातला सरांचाही पाहिला. फोन करून लाईन बंद करून घेतली, कमरेला पट्टा बांधला, शिडी पोलला लावली. सोबतचा वायरमन लोकांना मागे सारत होता.

“सर, जरा शिडी धरता का?” ती म्हणाली.

आवाजात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

त्यांनी शिडी धरली. पोरगी भराभरा वर गेली. कोंडाबाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, नवं लुगडं नेसलेली, मान वर केलेली.

“हिरड्याच्या झाडावं आशीच चढायची,” ती म्हणाली. “पार शेंड्यापतूर. मी म्हनायची, तू चढ, मी हाय खाली.” मग तिने फ्लेक्सकडे बोट केलं. “मास्तर, त्यो तुमचाच फोटू न्हवं? खाली काय लिवलंय वं?”

सरांनी वर न बघताच सांगितलं, “मार्गदर्शक.”

“म्हंजी?”

“म्हणजे... वाट दाखवणारा.”

कोंडाबाईने हात जोडले. “तुमी व्हता व्हय! पोरगी घरी कदी बोलली न्हाई बगा. मला आपलं वाटायचं, येकलीच झगडतीय. लई उपकार झालं.”

आणि ती त्यांच्या पायाशी वाकली. तिला अडवावं तर हात मोकळे नव्हते. शिडी सोडावी तर वर तिची लेक. आयुष्यभर लोक पाया पडले तेव्हा सरांना कधी असं झालं नव्हतं. ते मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“मावशी, नका,” ते म्हणाले. “मी नाही दाखवली वाट. मी तिला चढू नको म्हणालो होतो. सगळ्या वर्गासमोर हसलो होतो तिला.”

कोंडाबाई सावकाश उभी राहिली. तिला राग आला नव्हता. तिला खरंच उमगलं नव्हतं.

“मंग तुमचा फोटू कशापायी?” तिने विचारलं.

अभ्यासिकेतली पोरं जमिनीकडे बघू लागली. सरांना लाज वाटली, आणि ती आजची नव्हती, तीन वर्षांची साठलेली होती.

“सर, शेवटची दोरी कापतेय,” वरून तेजस्विनी म्हणाली. “बाजूला व्हा, अंगावर येईल.”

सर बाजूला झाले नाहीत. फ्लेक्स त्यांच्या डोक्यावर पडला आणि सगळं अंग झाकून गेला. कुणीतरी तो ओढायला पुढे आलं, तर आतून ते नको म्हणाले. ती खाली उतरेपर्यंत त्यांनी शिडी धरून ठेवली.