बाराव्या बॅचचं पाणी

बारावी बॅच संपली. केमिस्टबाईंनी नेहमीप्रमाणे माल धुतलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. दर वेळी ते दुधासारखं पांढरं व्हायचं. आज नितळच राहिलं. त्यांनी आणखी दोन थेंब सोडले. पाणी ढिम्म.

पाणी पांढरं होणं म्हणजे क्लोरीन सुटलं. खरं तर त्यांचं काम सांगायला सोपं होतं. रेणूच्या एका टोकाला नायट्रो गट, दुसऱ्या टोकाला क्लोरीन. बंद भांड्यात कॅटॅलिस्ट म्हणून कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं प्लॅटिनम टाकायचं, हायड्रोजनचा दाब द्यायचा आणि नायट्रोचं अमाइन करून घ्यायचं, क्लोरीनला धक्का न लावता. पुढे औषध बनवायला ते क्लोरीन हवंच होतं. पण प्लॅटिनम हावरट. नायट्रोवर ताव मारून झाला की क्लोरीनलाही हात घालायचं. अकरा बॅचेस हेच झालं होतं. बाराव्या बॅचमध्ये नायट्रो सगळं संपलं आणि क्लोरीन जागेवर राहिलं.

"लागला मटका!" साहेब खूश झाले. "पुढची लावा."

तेरावी लावली. पाणी पुन्हा दूध.

बाईंनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. द्रावक त्याच पिंपातला, हायड्रोजन त्याच सिलिंडरचा, प्लॅटिनमही त्याच बाटलीतलं. आठवडाभर हाच विचार. "जेवताना तरी त्या भांड्यातून बाहेर ये," आई वैतागली.

रविवारी आईने कपाटातून चांदीचे चमचे काढले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक दांड्यावर काळा पट्टा.

"रबर कुणी गुंडाळलं यांना?"

"मीच," बाई म्हणाल्या आणि पट्ट्यावर अंगठा घासत राहिल्या. रबर टणक करायला त्यात गंधक घालतात. त्या गंधकाने चांदी काळी केली. मग ते प्लॅटिनमला सोडेल?

सोमवारी त्या थेट फिटरकडे गेल्या. सगळे त्यांना पानेमामा म्हणत.

"मामा, बाराव्या बॅचच्या दिवशी भांड्याला रबराचं काही लावलं होतं का?"

पानेमामा खिशात पाना शोधू लागले. पाना हातातच होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चमच्यांनी."

"ऑं?"

बाईंनी चमच्यांची हकिगत सांगितली. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झाकणाचं पांढरं गॅस्केट फाटलं होतं. स्टोअरला कुलूप. काळं रबराचं पडलं होतं, ते कापून बसवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर फुगून भजं झालेलं, अर्धं विरघळलेलं. फेकून दिलं गुपचूप. माल खराब झाला का हो?"

"सगळ्यांत तेवढाच चांगला झाला, मामा. पण दाबाच्या भांड्याला असलं रबर पुन्हा लावू नका. जीवावर बेतलं असतं."

मामांनी कान पकडले.

आता बाई मोजूनमापून गंधक घालू लागल्या. पहिल्या खेपेला जास्त झालं. दिवसभर हायड्रोजन खपलाच नाही, दाबाचा काटा हलला नाही, प्लॅटिनम पार लुळं पडलं. दुसऱ्या खेपेला कमी पडलं, पाणी किंचित गढुळलं. पाचव्या खेपेला काटा संथपणे उतरत गेला, नायट्रो सगळं संपलं आणि परीक्षानळीतलं पाणी नितळ राहिलं. बाईंनी तीन नळ्यांत तपासलं. साहेबांनी स्वतः चौथी धरली.

"गंधक?" ते म्हणाले. "ते तर कॅटॅलिस्टचं विष!"

"हो. अगदी चिमूटभर दिलं तर फक्त त्याचा हावरटपणा जातो."

अहवालात बाईंनी रबराची गोष्ट मामांच्या नावानिशी लिहिली. साहेबांनी मामांना आधी चांगलं फैलावर घेतलं, मग चहा पाजला.

त्या दुपारी मामा प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत उभे राहिले.

"मॅडम, एक कळत नाही. क्लोरीनला अडवायचं आणि नायट्रोला जाऊ द्यायचं, हे गंधकाला कसं कळतं?"

बाईंनी कागद पालथा केला, प्लॅटिनमचे ठिपके काढले, मधल्या काही ठिपक्यांवर गंधक बसवलं. मग पेन्सिल थांबली.

"इथपर्यंत मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुढचं नाही."

मामांनी स्टूल ओढलं आणि कागदावर वाकले.