भोपळा कापायचा नाही

अर्धवट सोडलेली गोष्ट रोहिणी गांगुर्डेला खपत नसे. नाशिकरोडच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. प्रयोग केला की निष्कर्ष लिहायचाच, हे अंगवळणी पडलेलं. त्यात मुलांच्या एका मासिकानं तिला काम दिलं: जुनी लोककथा घ्या, तिच्यात खरं विज्ञान घाला आणि नवीकोरी गोष्ट लिहा.

विज्ञान तिच्याकडे पोत्यानं होतं. लोककथेच्या नावानं मात्र शंख. तेव्हा तिचा जुना विद्यार्थी योगेश मदतीला आला. त्याची दिंडोरीला द्राक्षबाग. "बाई, आमच्याकडं सुरगाण्याहून भागीबाई येतात कामाला, सुनेला घेऊन. गोष्टी विचारूच नका. रविवारी या."

रोहिणी गेली. बागेत डिपिंग चाललं होतं. बाया हातात औषधाचा कप धरून एकेक कोवळा घड त्यात बुडवत पुढे सरकत होत्या. भागीबाई पासष्टीची, काटक, जिभेला धार असलेली. सून ललिता तिच्या शेजारच्या ओळीत. रोहिणीनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि आवाज बिघडू नये म्हणून तोंड घट्ट मिटलं.

भागीबाईनं दोन वाक्यं सांगितली आणि थांबली.

"का थांबलात, आजी?"

"तू हं कुठं म्हनतीस? समोरून हं आल्याशिवाय गोष्ट सांगत नाय मी. एकटंच बडबडाया मी काय येडी हाय?"

ललिता फसकन हसली. मग रोहिणी शहाण्या मुलीसारखी हं हं करत राहिली आणि गोष्ट चालू झाली.

एका बाईचा मुलगा डोंगर उतरून मीठ आणायला गेला, तो परत आलाच नाही. बाईनं अन्न सोडलं. शेजारणीला राहवेना. तिनं बाईच्या दारातल्या वेलीवरच्या चिमुकल्या भोपळ्याला कान लावला आणि म्हणाली, अगं, हा बघ, तुझा लेक आत बोलतोय. बाई उठली. वेलीला पाणी घालू लागली, दोन घास खाऊ लागली. रोज शेजारीण कान लावी, रोज नवा निरोप सांगी. भोपळा वाढत वाढत छपराएवढा झाला.

"मग? आत काय होतं?"

"भोपळा कापायचा नाय," भागीबाई म्हणाली आणि पुढच्या घडाला लागली.

परतीच्या एसटीत रोहिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फळ वाढतं ते आतल्या बीमुळे. बी आतून निरोप धाडतं: मी आहे, तू मोठं हो. बिनबियांच्या द्राक्षात हा निरोप फार क्षीण, म्हणून तर माणसं घड औषधात बुडवून तोच निरोप बाहेरून देतात आणि मणी फुगतो. शेजारीण दुसरं काय करत होती? रोहिणी स्वतःवरच खूश झाली. खुशीत माणूस आंधळा होतो, तिचं तेच झालं. आठवड्यात गोष्ट लिहून झाली आणि शेवटही तिनं ठोकून बसवला.

पुढच्या रविवारी कागद घेऊन ती पुन्हा बागेत हजर. दुपारच्या सुट्टीत बाया मांडवाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. रोहिणी वाचू लागली. भागीबाई प्रत्येक वाक्याला हं देत होती, मान डोलावत होती. रोहिणीला चेव आला.

"अखेर एके दिवशी बाईनं विळा घेतला आणि भोपळा कापला. आत एकही बी नव्हतं. मुलगा कधीच गेला होता. शेजारीण इतके दिवस खोटं बोलत होती..."

हं आलं नाही.

रोहिणीनं वर पाहिलं. भागीबाई भाकरीच्या तुकड्याकडे बघत होती. ललिता ताडकन उठली, "बाई, जरा पानी भरू लागा," म्हणाली आणि रोहिणीचा दंड धरून तिला टाकीपाशी घेऊन गेली.

"काय केलंत हो बाई तुम्ही? आमचा हिरामण सुरतेला बांधकामावर होता. माझा मालक. स्लॅब पडला, दोन वर्षं झाली. मुकादम मला जीपच्या थांब्यावर गाठून सांगून गेला. घरी आले तर आत्या तांदूळ पाखडत होत्या. म्हनल्या, फोन आला का गं त्याचा? माझ्या तोंडून हो निघालं. एकुलता लेक. खरं कसं सांगू? पाड्यावर साऱ्यांना शपथ घातली. तवापासून दर रविवारी सांगते, फोन आलेला, बरा हाय. तेवढ्यावर म्हातारी जेवती, बाई."

रोहिणीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपण केवढा गाढवपणा केला, हे तिला कळलं. पण कळून काय उपयोग? ललिता टाकीच्या आडोशाला पदर तोंडात कोंबून रडत राहिली.

रोहिणी परत आली तेव्हा बाया कामाला गेल्या होत्या. भागीबाई एकटीच बसलेली. रोहिणी तिच्यासमोर बसली. माफी मागायची कशी, कशाची, तेच सुचेना.

"आजी, शेवट चुकला माझा. बदलते मी."

"बदल." भागीबाईनं आवाज उतरवला. "तिनं सांगितलं नं तुला?"

रोहिणीनं नकळत टाकीकडे पाहिलं.

"मला ठावं हाय पोरी. पयल्या महिन्यातच कळलं. मी गेले का पाड्यावरची मानसं गप होत. आन ही! आधी फोनवर त्याच्याशी कडाकडा भांडायची. पैसं धाड, दारू नको पिऊ, घरी ये. आता म्हनती, बरा हाय, गोड बोलला. जित्या नवऱ्याशी भांडत नाय, अशी बाई असती का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ती सांगती नं, तवा तिचं त्वांड उजळतं. तेवढा येळ तिलाबी तो जिता वाटतो. मी नाय म्हनले तर ती कुनाला सांगंल? माझा लेक गेला, ही पोरगी तरी ऱ्हाऊ दे." भागीबाईनं डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते. "लय रडू येतं गं. रानात जाऊन रडते. तिच्यासमोर नाय."

रोहिणीनं कागदाचं शेवटचं पान दुमडलं, फाडलं आणि पिशवीत टाकलं. निष्कर्षाची जागा तशीच कोरी राहिली.

ललिता येत होती. तोंड धुतलेलं, टिकली नीट केलेली. सासूच्या चेहऱ्याकडे तिनं चोरून पाहिलं. तिथं काही फुटलंय का, हे तिला कळत नव्हतं. मग तिनं सगळा धीर गोळा केला.

"आत्या, टाकीपाशी व्हते नं, तवाच फोन आला त्यांचा."

"हं."

"बरा हाय म्हनले. तुमचा गुडघा कसा हाय, इचारत व्हते."

"हं."

"होळीला येतो म्हनले." एवढं बोलून ललिताचा आवाज अडकला. पुढचं वाक्य काही केल्या फुटेना. भागीबाईनं हं देण्यासाठी तोंड उघडलं, पण या खेपेस तिच्याही घशातून आवाज निघेना. गोष्ट तिथंच मरणार होती.

"हं," रोहिणी म्हणाली. "मग? आणखी काय म्हणाले?"