मोटेपाशी झालेला सत्कार

सत्काराचं आमंत्रण आलं आणि आप्पासाहेबांची भूकच उडाली.

गुलमंडीच्या मागं एका बंद पडलेल्या शाळेत शहराच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. एक विश्वस्त मंडळ ते चालवतं. पगारी माणूस एकच, व्यवस्थापक रत्नमालाताई. बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. वाळूजच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आप्पासाहेब दर रविवारी तिथं मोटेपाशी उभे राहत. विहिरीचं पाणी बैलांकरवी ओढून काढायची ती चामड्याची मोट त्यांनीच आपल्या गावच्या, पिशोरच्या शेतातल्या छपरातून आणली होती. तेल पाजून, टाके घालून ती कप्पीवर टांगलीही त्यांनीच. येणाऱ्याच्या हातात ते दोर देत, बैल हाकायची आरोळी ठोकून दाखवत, आणि संध्याकाळी घरी परतत तेव्हा आवाज बसलेला असे. आता त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.

संग्रहालयात आजवर कधी कुणाचा सत्कार झाला नव्हता. आता एकदम सगळ्या स्वयंसेवकांचा. शाल, श्रीफळ, फेटे आणि वर जेवण. आप्पासाहेबांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. शालीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. कारखान्यात निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल घातली, 'तुमच्यावाचून खातं पोरकं झालं' असं भाषण केलं. आणि पुढच्या आठवड्यात आप्पासाहेब सहज भेटायला गेले, तर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं 'काम काय?' म्हणून अडवलं. गावाकडं त्यांचे भाऊ तात्यासाहेब सोसायटीत संचालक होते. त्यांचाही थाटात सत्कार झाला आणि पुढच्या निवडणुकीत पॅनलमधून नाव गळालं. त्यात भर म्हणजे हल्लीच मोटेशेजारी एक डबा बसवला होता. बटण दाबलं की त्यातून एक बाई माहिती सांगायची.

"शाल अंगावर पडली की माणूस घरी बसला म्हणून समज," ते बायकोला म्हणाले.

"तुमचं आपलं कायतरीच," मेथी निवडता निवडता सरूबाई म्हणाल्या. "पोळ्याला बैल सजवत्यात, मिरवत्यात, पुरणपोळी चारत्यात. मग दुसऱ्या दिवशी इकत्यात व्हय? औतालाच जुंपत्यात की."

"अन् बैल म्हातारा असला म्हंजे?"

सरूबाईंनी मेथीची काडी जरा जास्तच वेळ निवडली. "मग जाऊ नका. अन् जायचंच असंल तर धोतर तेवढं धुतलेलं नेसा."

आप्पासाहेब धुतलेलं धोतर नेसून गेले. न जावं, तर रविवार घरात कसा काढायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमही रविवारीच ठेवला होता, कारण स्वयंसेवक गोळा व्हायचे ते रविवारीच. आणि आजवर प्रत्येक कार्यक्रमाची कामं स्वयंसेवकांनीच केलेली, त्यामुळं आपला सत्कार आहे म्हणून कुणी हातावर हात धरून बसलं नाही. खुर्च्या त्यांनीच मांडल्या. माइकची वायर आप्पासाहेबांनीच जोडली. घोंगड्यांच्या दालनात उभ्या राहणाऱ्या सुगंधाबाई जेवणासाठी कांदा चिरत बसल्या.

"आपल्याच लग्नात आपुनच वाढपी," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"बाई, कशापायी करायलेत हे सगळं? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय म्हाईत? शाल देतेत, घ्यायची. थंडी हाय."

"तुम्हाला काय भ्या! तुम्ही आत्ता कुठं साठीच्या."

"आप्पा, तुमी एवढं घाबरायलात, जणू शाल न्हाई, कफनच घालायलेत," सुगंधाबाई म्हणाल्या आणि पुढचा कांदा हातात घेतला.

कामाच्या नादात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. रविवार म्हणजे संग्रहालय उघडं. पुढचं फाटक बंद करायला हवं, हे सगळेच विसरले.

फेटे बांधून झाले. स्वयंसेवक मधल्या दालनात खुर्च्यांवर अवघडून बसले. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब बोलायला उठले. त्यांनी स्वयंसेवकांना संग्रहालयाचा प्राण म्हटलं, पाठीचा कणा म्हटलं, आणि मग आवाज मऊ करून म्हणाले, "ज्येष्ठांना तासन् तास उभं राहण्याचा त्रास आपण आणखी किती दिवस द्यायचा? शाली झाल्या की त्याबाबत मी एक घोषणा करणार आहे."

आप्पासाहेबांनी सुगंधाबाईंकडं पाहिलं. या खेपेला थट्टा सोडून त्यांनी आपली खुर्ची जवळ सरकवली.

तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन करून शहरात खरेदीला आलेला कन्नडकडच्या बायकांचा एक बचत गट होता. गाडीवाल्याला डिझेल भरायचं होतं, तोवर काय करायचं म्हणून बायका उघडं फाटक बघून आत शिरल्या आणि पांगल्या. फेटेवाले बघून त्यांना वाटलं, लग्नाची बोलणी चालली असतील. त्या दबकत, भिंतीकडेनं पुढं गेल्या.

एक तरुण बाई मोटेपाशी थांबली. तिनं बटण दाबलं.

"मोट हे पारंपरिक जलउपशाचे साधन असून..." डबा बोलू लागला.

"बया, ही तर बातम्या देती!" मागची म्हणाली.

तरुण बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डब्यालाच विचारलं, "अन् खाली गेलेलं बैल माघारी कसं यायचं? वळवायचं का?"

डबा गप्प. तिनं पुन्हा बटण दाबलं. "मोट हे पारंपरिक..."

"वळवत असतील," दुसरी म्हणाली.

"वळवत नसतील, सोडून देत असतील. दुसरे बैल लावत असतील."

आप्पासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. व्यासपीठावर रत्नमालाताईंनी त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, पण व्यासपीठाकडं न जाता भलतीकडंच निघाले.

"वळवत नाहीत, बाई!" ते दालनाच्या या टोकापासूनच ओरडले. "मागं सरायचे बैल. पाठमोरे. उताराला धाव म्हणतेत. तोंड खाली, अन् चालायचे वर. धरा हा दोर. तुम्ही दोघी बैल."

"मी न्हाई बैल व्हायची," ती हसत म्हणाली आणि झालीही. मागच्या बायकांनी गलका केला. दोर ताणला, कप्पी करकरली आणि रिकामी मोट वर आली.

त्या आवाजानं बाकीच्यांनाही राहवेना. घोंगड्यांपाशी कुणीतरी 'ही सतरंजी कितीला पडती?' म्हणून विचारत होतं. ते ऐकून सुगंधाबाई ताडकन उठल्या. मग एकेक फेटा आपापल्या दालनाकडं गेला. माइकपुढं रिकाम्या खुर्च्या उरल्या.

मग रत्नमालाताईंनी शालींचा गठ्ठा काखोटीला मारला आणि त्या दालनादालनातून फिरू लागल्या. ज्याचं सांगणं चाललेलं असेल, त्याच्या खांद्यावर मागूनच शाल टाकायची, आणि पुढं. असा सत्कार शहरात कुणी पाहिला नसेल. बायकांनी मात्र प्रत्येक शालीला टाळ्या वाजवल्या.

त्या मोटेपाशी आल्या, तेव्हा आप्पासाहेबांनी हात आडवा धरला.

"थांबा, ताई. आधी सांगा. घोषणा काय होती?"

रत्नमालाताईंनी खोटं बोलायचा विचार केला असावा. पण बोलल्या नाहीत. "पंच्याहत्तरीच्या पुढच्यांनी रविवारी यायचं नाही. वर्षातून एकदा पाहुणे म्हणून बोलवायचं. मंडळाचं तसं ठरलं होतं. मीही हो म्हटलं, आप्पा. उन्हाळ्यात तुम्हाला इथं भोवळ आली, तेव्हापासून मला भीती वाटायची."

"अन् झाली घोषणा?"

"कुणापुढं करणार? ऐकायला एक माणूस जागेवर नव्हता."

"काकासाहेब होते की."

रत्नमालाताईंनी बोट दाखवलं. दालनाच्या पार टोकाला, जुन्या बाजारपेठेच्या छायाचित्रापुढं काकासाहेब उभे होते. फेटा एका कानावर आला होता. भोवती चार बायका. त्यांच्या आजोबांचं कापडाचं दुकान चित्रात नेमकं कुठं, ते काकासाहेब काठीनं दाखवत होते, आणि त्यांना खुर्ची आणून द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यांनी मागितलीही नव्हती.

"काकासाहेबांचं वय काय असंल, ताई?"

"ऐंशी झाली गेल्या महिन्यात."

आप्पासाहेबांनी हातातला दोर खाली ठेवला.

"आज बोलते मी त्यांच्याशी," रत्नमालाताई म्हणाल्या. "मंडळाला ठराव बदलायला सांगते."

"बोलू नका," आप्पासाहेब म्हणाले आणि शालीसाठी खांदा पुढं केला. "पुढच्या रविवारी त्यांना तिथंच उभं करा."