डावा पाय पुढे

मी दांडा बोलतोय. कुदळीचा नाही, झेंड्याचा नाही, छत्रीचा तर मुळीच नाही. बोटीच्या मागे लांब दोरी सोडतात आणि तिच्या टोकाला जो आडवा दांडा असतो, ज्याला धरून माणसं पायांत फळी अडकवून पाण्यावर उभं राहायची धडपड करतात, तो मी. तलावावर मला सगळे हँडल म्हणतात. म्हणोत बापडे. नाव काहीही ठेवलं तरी धरायला मीच लागतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. ॲल्युमिनियमची पोकळ नळी कापली, तिच्यावर खरखरीत रबर चढवलं आणि दोन्ही बाजूंना फोमचे नारिंगी तुकडे बसवले, म्हणजे मी बुडू नये. आयुष्यभर मी माणसांना गटांगळ्या खाताना पाहत आलो, पण स्वतः कधी पाण्याखाली राहिलो नाही. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

मला विकत घेतलं ताईने. ताई म्हणजे आमच्या तलावावर नवशिक्यांना वेकबोर्डिंग शिकवणारी. दिसायला काडीसारखी, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत. बोट तीच चालवायची. चालवणाऱ्याने पुढे बघायचं असतं, म्हणून मागे कोण पडलं ते बघायला दुसरं माणूस लागतं. ते काम जॅकेटवाल्या मावशींचं. धक्क्यावर लाइफ जॅकेटं वाटून झाली की त्या बोटीत उलट्या तोंडाने बसायच्या आणि कुणी आपटलं की ओरडायच्या, "पडला!" बाई पडली तरी "पडला!"च. तेवढ्यात व्याकरण कोण बघतो?

शिकवणी सुरू व्हायची कोरड्या जमिनीवर. शिकणाऱ्याला गवतावर बसवायचं, पायांत फळी अडकवायची, हातात मला द्यायचं आणि ताईने दोरी ओढायची. "हात सरळ. गुडघे छातीशी. तुम्ही उठायचं नाही, बोट तुम्हाला उठवेल." सगळे माना डोलवायचे, आणि पाण्यात गेल्याबरोबर मला छातीकडे ओढून आपणच उठायला जायचे, की धपकन पाठीवर! दुसऱ्याच्या जोरावर उभं राहायला माणसांना फार जड जातं. आणि हो, "मी काही घाबरलेलो नाही" असं सांगणाऱ्यांचे तळवे सगळ्यांत ओले असतात. ते पाणी तलावाचं नसतं, एवढं मला कळतं.

हंगाम उतरणीला लागला होता तेव्हा ताईने एका सकाळी आपल्या बाबांना आणलं. बाबा उभं आयुष्य शहरात बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले. ताईची आई वारल्यापासून घरात दोघंच. आणि त्याच सुमारास ताईला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या तलावावर अख्खी शाळा चालवायला बोलावणं आलं होतं. हंगाम संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

"बाबा तोंडाने म्हणतात, जा की, मी कुठे अडवलंय," ती मावशींना सांगत होती. मी तिथेच दोरीत गुंडाळून पडलो होतो. "पण तेवढं बोलून ताट बाजूला सारतात. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसना नावं ठेवतात. मी गेले तर कसं व्हायचं त्यांचं? इथे आले, त्यांना गोडी लागली, चार माणसं भेटली, तरच मी जाईन. नाहीतर नाही जायची."

म्हणजे तिचं जाणं-न जाणं आता माझ्या आधाराने उभं राहणार होतं. मला उगीचच घाम फुटला.

बाबांनी मला धरलं ते स्टिअरिंग धरतात तसंच, दोन टोकांना, अंगठे वर. तळवे जाड, घट्टे पडलेले आणि चक्क कोरडे. मला तो माणूस आवडला. बोट निघाली, बाबा अर्धे वर आले, आणि डावीकडे झुकतोय असं वाटल्याबरोबर त्यांनी मला गर्रकन उजवीकडे वळवलं. अहो, मी काय चाक आहे? व्हायचं तेच झालं. फळीचं नाक पाण्यात घुसलं आणि बाबा तोंडावर.

इथपर्यंत ठीक. पडल्यावर माणसं मला सोडतात. बाबांनी सोडलं नाही. बोट त्यांना तशीच फरफटत घेऊन निघाली.

"पडला! अहो सोडा, सोडा!" मावशींचा घसा बसायची वेळ आली. ताईने बोट थांबवून वळवली.

"बाबा, पडलात की हँडल सोडायचं, असं सांगितलं होतं ना मी?"

बाबा नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, "चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडतं का कुणी?"

"गाडी मी चालवतेय, बाबा."

बाबांनी मान डोलावली. मला मात्र त्यांनी अजून घट्ट धरलेलं होतं.

पुढच्या सकाळीही तेच. मला वळवायची सवय सुटली, हात सरळ राहू लागले, पण अर्धवट उभे राहिले की फळीचं नाक खाली आणि बाबा पुढे. ताईने दोरी कमी केली, बोट हळू केली, पुन्हा गवतावर बसवून शिकवलं. मावशींनी तर त्यांना नजर लागली असेल असंही सुचवून पाहिलं. शेवटी एके दिवशी बाबांनी जॅकेटचे बंद सोडले आणि म्हणाले, "राहू दे. नाही जमायचं मला. तुझा वेळ फुकट घालवतोय."

ते कपडे बदलायला गेल्यावर ताई दोरी गुंडाळत बसली. "नाही म्हणून कळवून टाकते," ती मावशींना म्हणाली. मावशी नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एवढी माणसं उभी केली मी, आणि जो माणूस उभा राहायलाच हवा होता तोच राहिना.

घरी जाताना ताईने मला गाडीत पुढे, बाबांच्या पायाशी टाकलं. गाडी ताई चालवत होती, बाबा शेजारी. चौक आला आणि बाबांनी मला कचकन पायाखाली दाबलं. समोर ट्रक आला, पुन्हा दाबलं. एक कुत्रं नुसतं रस्ता ओलांडायच्या विचारात होतं, तरी दाबलं.

"बाबा, तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये. हँडल आहे माझं," ताई म्हणाली.

"सवय आहे गं. आपोआप होतं."

ताईने गाडी कडेला घेतली. त्यांच्या उजव्या पायाकडे बघत तिने विचारलं, "पाण्यावरपण हेच करता का?"

"काय?"

"भीती वाटली की उजवा पाय दाबता?"

"हे काय विचारणं झालं? भीती वाटली की माणूस ब्रेकच मारणार ना!"

ताई आधी हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. फळीवर बाबा उजवा पाय पुढे ठेवत होते. तिने पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा त्यांनी "माझा उजवा पक्का आहे" असं सांगितलं होतं आणि तिनेही ते मान्य केलं होतं. पुढचा पाय दाबला की नाक पाण्यात जायचंच. बिचारे इतके दिवस ब्रेक मारून आपटत होते.

"उद्या डावा पाय पुढे," ती म्हणाली. "उजवा मागे. मग मारा हवे तेवढे ब्रेक."

"राहू दे म्हणालो होतो मी."

"एकदाच, बाबा."

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. तलाव सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत होता. दोरी ताणली गेली, बाबांचे हात सरळ राहिले आणि बोटीने त्यांना वर उचललं. ते घाबरले, मला कळलं ते. त्यांनी उजवा पाय दाबला. या वेळी तो मागे होता, म्हणून नाक वर आलं आणि बाबा उभेच राहिले. चक्क उभे! मावशी "पडला!" ओरडायला तोंड उघडून बसल्या होत्या, ते तसंच उघडं राहिलं.

काय सांगू तुम्हाला, किती छान गेलो आम्ही! बांध मागे पडला, मग लव्हाळी, मग पलीकडचा पंप. ताई पुढे बघत होती. समोरच्या छोट्या आरशात तिला बाबा दिसत असणार, कारण बोट जराही वाकडी गेली नाही. बाबांच्या बोटांची पकड हळूहळू सैल होत गेली. त्यांना कुणीतरी नेत होतं आणि ते जात होते. एवढ्या वर्षांत मी इतके शांत तळवे अनुभवले नाहीत.

आणि मग, काहीही बिघडलेलं नसताना, त्यांनी मला सोडलं.

"पडला!" मावशींनी अखेर हौस भागवून घेतली. बोट वळून आली. बाबा पाण्यात गळ्यापर्यंत निवांत बसले होते.

"पडलो नाही. सोडलं," ते म्हणाले.

"पण का? किती छान चाललं होतं!"

"बघत होतो, सोडलं तर काय होतं ते."

"मग?"

"काही होत नाही गं. माणूस हळूच पाण्यात बसतो. जॅकेट असतं." त्यांनी बोटीची कड धरली. "त्या लोकांना हो म्हणून कळव. आणि आजच कळव. उद्या माझा विचार बदलेल."

ताईने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि ती रडली. मावशीही रडल्या. बाबा पाण्यातच होते, त्यामुळे त्यांचं काही कळलं नाही.

आता माझं रबर झिजलंय आणि दोरीचे धागे सुटलेत. नवशिक्यांच्या हाती द्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही. जाताना ताईने मला बाबांना देऊन टाकलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. तलावावर आता माझ्या जागी दुसरा आहे. हंगामात बाबा आठवड्यातून एकदा जातात आणि मावशींच्या शेजारी उलट्या तोंडाने बसून "पडला!" ओरडतात. घरी आल्यावर त्यांचा घसा बसलेला असतो.

तुम्ही कधी शिकायला गेलात तर माझ्या भावंडांना घट्ट धरा, पण स्वतःकडे ओढू नका. आणि पडलात तर सोडा हो. आम्ही बुडत नाही, तिथेच तरंगत थांबतो.

काल ताईचा फोन आला होता. तिने तिकडे गाडी घेतली आहे आणि फोन कानाला न लावता, गाडीतूनच बोलत होती. डोंगरातला रस्ता होता, पाऊस होता, पण मजा येतेय म्हणाली.

"छान. सावकाश चालव," बाबा म्हणाले. आवाज अगदी निवांत.

मी खिळ्यावरून खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय फरशीवर कचकन दाबलेला होता, आणि फोन संपेपर्यंत तसाच राहिला.