ताईच्या त्रेचाळीस कॅसेटी

माझं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. आता रेडिओ कोण आणतो म्हणा, मिक्सर येतात, पंखे येतात, जे येईल ते मी कटकट करत दुरुस्त करतो. पण माझ्या हातून गेलेल्या रेडिओत खरखर राहिली, असं कुणी म्हणून दाखवावं. पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरातली खरखर काढली. म्हणूनच ताईच्या कॅसेटींचं काम माझ्याकडे आलं आणि म्हणूनच मी त्यात माती खाल्ली.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. जन्मभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून, कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले तिने. डावा कान निवृत्त व्हायच्या आधीच गेला. आता कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उजवाही जाणार, सहा महिने, फार तर आठ. नसच वाळत चालली आहे, श्रवणयंत्राचाही उपयोग नाही. ताई दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "चिम्या, कान जायच्या आधी मला आपल्या कॅसेटी एकदा सगळ्या ऐकायच्या आहेत. तेवढं बघ बाबा."

छप्पन्नाव्या वर्षी मला चिम्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे. तिला नाही कसं म्हणणार?

कॅसेटी त्रेचाळीस, बुटांच्या दोन खोक्यांत. सगळ्या रेडिओवरून घेतलेल्या. घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा वायर जोडून गाणी घेता येतात, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक होतं? स्टुलावर रेडिओ, त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर. दुपारी फर्माइशींचा कार्यक्रम लागला की ताई एक बोट वर करायची. बोट वर म्हणजे घर चिडीचूप. आईने शिलाई मशीन थांबवायचं, बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटायचं नाही. मी सात वर्षांचा, माझ्या तोंडाला कुठला आलाय लगाम? म्हणून ताई एका हाताने लाल बटण दाबायची आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या तोंडावर गच्च ठेवायची, गाणं संपेपर्यंत.

गाणी म्हणाल तर बारा गावची. एक अंगाई आहे, तिच्या गायिकेचा आवाज इतका घोगरा की झोपलेलं मूल उठून बसावं. ताई तिच्यावर हमखास झोपायची. एक परक्या भाषेतलं गाणं, त्याचा एक शब्द कधी कुणाला कळला नाही. आईला चाल आवडायची, मग ती मशीन चालवताना त्या चालीवर दुकानातून आणायच्या सामानाची यादी म्हणायची. साबण, काड्यापेटी, पांढरा दोरा, अगदी ठेक्यात बसायचं. एक नुसतं बँडचं वादन, ज्यात ढोलवाला शेवटपर्यंत सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे आहे. एका दंतमंजनाची जाहिरात, बटण बंद करायला उशीर झाला म्हणून चुकून आलेली, आणि घरात सगळ्यांत पाठ तीच. एक विरहाचं गाणं इतकं रडकं की ऐकणाऱ्याने दोन रुमाल घेऊन बसावं. ते माझं आवडतं, पण दुकानात मी कुणाला सांगत नाही.

आणि एक नावाड्याचं. त्याची नदी काही केल्या संपत नाही, पाच कडवी झाली तरी हा आपला वल्हवतोच आहे. बाबा दर वेळी पेपरातून मान वर करून विचारायचे, "हा पोचणार कधी?"

कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या ताईच्या हातच्या. त्यांवर गाण्याचं नाव नाही की गायकाचं नाही. "दात पडला." "आत्या रुसून गेली." "पास झाले." नावाड्याच्या गाण्यावर लिहिलेलं, "उचकी." ही काय यादी करायची पद्धत झाली? मी मनातल्या मनात तिला दोन शब्द सुनावले आणि कामाला लागलो.

फिती वाळून गेल्या होत्या. वाजवताना भुकटी सुटायची, कित्येक एकदा वाजून तुटल्याच. दीड महिना दुकानात मागे बसून एकेक गाणं कॉम्प्युटरवर घेतलं आणि साफ केलं. खुडबुड, धप्प, मध्येच फिस्स, कुजबुज, सगळं तांदळातले खडे निवडावेत तसं निवडून काढलं. ते आवाज कुणाचे, हे बघायला मी थांबलो नाही. माझ्या धंद्यात खरखर ती खरखर. साफ झालेली गाणी तेवढी ठेवली आणि तुटक्या-वाळक्या सगळ्या कॅसेटी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. छाती दोन इंच फुगली होती माझी.

एका छोट्या स्पीकरच्या डब्यात सगळी गाणी भरून ताईकडे नेऊन दिली. चार दिवसांनी गेलो तर म्हणाली, "छान केलंस हो. अगदी दुकानातून आणल्यासारखी." डबा खिडकीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली. आठवड्याने गेलो तरी तिथेच. माझं डोकं सणकलं.

"दीड महिना डोळे फोडले मी," मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणालो. "आणि तू त्यावर रद्दी ठेवतेस?"

ती चिडली नाही. डबा काढला, पुसला आणि म्हणाली, "उचकी लाव."

मी नावाड्याचं गाणं लावलं. ती कान जवळ नेऊन बसली. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या सुरुवातीला तिने बोट वर केलं आणि वाट पाहत राहिली. नावाडी स्वच्छ, सुरेल वल्हवत पुढे निघून गेला. ताईने बोट खाली घेतलं.

"इथे तू होतास," ती म्हणाली. "तुला उचकी लागली होती. मी तोंड दाबलं तर तुला हसू फुटलं, माझ्या बोटांतून फिस्स करून बाहेर आलं. मागे बाबा म्हणतात, हा पोचणार कधी. 'दात पडला'मध्ये तू बोबडं काहीतरी बडबडतोस. प्रत्येक कॅसेटमध्ये कुठे ना कुठे आहेस तू. गाण्यांसाठी कोण ठेवतं रे पन्नास वर्षं? गाणी कुठेही मिळतात. बोर्डावर दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन यायचे ना, तेव्हा घरी येऊन उचकी लावायचे." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस, मला माहीत आहे. पण तुलाच पुसून काढलंस की रे."

मी घरी गेलो नाही, दुकानात गेलो. कॉम्प्युटर उलटापालटा केला, ड्रॉवर उपसले, झाडूच्या कोपऱ्यात फितीचा एखादा तुकडा सापडतो का बघितलं. मीच साफसफाई केलेलं दुकान, काय सापडणार? माझ्या इतक्या वर्षांच्या कसबाची मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर काढला, पट्टा बदलला, एक कोरी कॅसेट शोधली आणि दुपारी ताईकडे गेलो. काही न बोलता स्टूल ओढलं, त्यावर गाण्यांचा डबा ठेवला, समोर टेपरेकॉर्डर. ताईने माझ्याकडे बघितलं, टेपरेकॉर्डरकडे बघितलं, शेजारी येऊन बसली आणि बोट वर केलं.

लाल बटण तिनेच दाबलं. दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या तोंडावर. हात आता हलका झालाय, कातडी सैल, पण ठेवायची जागा तीच. मी हसायचं ठरवून गेलो होतो आणि हसू येईल तर शपथ. एक कडवं झालं, दुसरं झालं, मी परीक्षेला बसल्यासारखा ताठ. तिसऱ्याला नावाड्याने पुन्हा वल्हं मारलं आणि मला बाबांची मान पेपरातून वर येताना दिसली. फिस्स करून हसू सुटलं. ताईने हात आणखी दाबला.

गाणं संपल्यावर मी म्हणालो, "मागे घेऊन ऐकू या."

"ऐकू," ती म्हणाली. "पण मला आधीच कळलं. हाताला. आणि मिशा टोचतात तुझ्या." मग कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून लिहिलं, "चिम्याला मिशा आल्या."

उजवा कान पाचव्या महिन्यातच गेला. ती चव्वेचाळिसावी कॅसेट आम्ही तोवर किती वेळा ऐकली याला गणती नाही. आता बोलणं पाटीवर लिहून चालतं. पण दुकान बंद असेल त्या दुपारी मी जातो, डबा स्टुलावर ठेवतो आणि गाणं लावतो. कुठलं लावलं ते मी पाटीवर लिहीत नाही. ताई पंजा माझ्या तोंडावर ठेवते आणि डोळे मिटून बसते. नावाडी वल्हवत असतो, मी हसू दाबत असतो, आणि ते एका जागी सुटतंच.

"तिसरं कडवं ना?" ती विचारते.

तिसरंच असतं.