सागवानी पायांचा आजार

टबावरचं काळं कापड झटक्यात बाजूला झालं, खालचं पाणी थेट गटारासारखं काळपट झालेलं, आणि सभागृहभर "अरे बाप रे" असा एक सामुदायिक सुस्कारा निघाला. ज्या बाईंचे पाय त्या पाण्यात होते त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण एवढा ऐवज आपल्या एकटीच्या अंगातून निघाला याचा किंचित अभिमानही होता.

"रक्ताचा कॅन्सर म्हणजे काय?" जलगुरूंनी माइकमध्ये विचारलं. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, पाय मात्र अनवाणी. "रक्तातली घाण. डॉक्टर गोळ्या देऊन त्यात भर घालतात. आता म्हणे टार्गेटेड उपचार निघालेत. आमचं टार्गेट केव्हाच ठरलंय, तळपाय. म्हणे इम्यून उपचार निघालेत. टबातल्या या यंत्राचे किरण तुमच्या इम्यून शक्तीला नुसती हाक मारतात, ती घाणीची मानगूट धरते आणि तळपायातून बाहेर काढते. सुई नाही, सलाइन नाही, केस गळत नाहीत."

पहिल्या रांगेतल्या चकचकीत टक्कल असलेल्या गृहस्थांनी यावर समाधानाने मान डोलावली.

"शंका आहे? मग इकडे पाहा." बाजूला दुसरा टब होता. तसलंच यंत्र, तसलंच पाणी, फक्त पाय नाहीत. पाणी निवळशंख. "पाय नाहीत तर घाण नाही. याला म्हणतात विज्ञान."

नेमक्या या दुसऱ्या टबाने मापकाकांचा निकाल लावला होता. मापकाका म्हणजे मापाचे जोडे शिवणारे जुने कारागीर. आयुष्य लोकांची पावलं मोजण्यात गेलेलं. माणसाचा चेहरा खोटं बोलेल, पाय बोलणार नाहीत, हे त्यांचं तत्त्वज्ञान. तेव्हा आजार पायातून बाहेर येतो म्हटल्यावर त्यांना ते फारच पटलं. वर हा शेजारचा स्वच्छ टब. रक्ताच्या कॅन्सरवर डॉक्टरीणबाईंनी दिलेली रोजची गोळी त्यांनी गुपचूप बंद केली.

आणि बरं वाटू लागलं, ही खरी पंचाईत. गोळी सुरू असताना पोटऱ्यांत पेटके यायचे, सकाळी डोळे सुजायचे. ते सगळं थांबलं. पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या, तेव्हा जलगुरू हसून म्हणाले, "घाण ढवळली की वर येणारच." काकांना तेही पटलं. पटवून घ्यायचं ठरवलं की माणसाला काहीही पटतं.

बिंग फुटलं ते एका गिऱ्हाइकामुळे. दुकानात मांडलेला बूट त्याने पायात घातला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, "काका, आत काहीतरी कुरकुरतंय." काकूंनी बूट उलटा केला. गोळ्यांची आख्खी पाकिटं खाली पडली. गिऱ्हाईक गेल्यावर काकूंनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

ही बहीण शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मेहुणी आणि त्यातून मास्तरीण, तेव्हा भाऊजींना सोडण्याचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी ती दुकानात हजर झाली.

"भाऊजी, गोळ्यांना दहा नंबरचा बूट झाला का, की जरा सैल होतोय?"

"थट्टा नको. तू पाणी पाहिलं नाहीस."

"पाहून आले. काल मागच्या रांगेत बसले होते. पाय घातल्यावर तो पाण्यात काय टाकतो?"

"संजीवन भुकटी. छिद्रं उघडायला."

"आणि ज्या टबात पाय नाहीत, त्यात?"

"त्यात कशाला टाकेल? तिथे छिद्रंच नाहीत."

"मग दोन्ही टबांत फरक पायांचाच आहे, हे कशावरून? फरक भुकटीचाही आहे."

"तू शब्दांत पकडतेस. पायांशिवाय पाणी रंगत नाही, बस."

"पैज?" मेहुणीने भिंतीकडे पाहिलं. तिथे जोडे शिवायचे लाकडी फर्मे टांगलेले होते, हुबेहूब माणसाची पावलं. "हे घालू. पाणी स्वच्छ राहिलं तर मी तोंड उघडणार नाही. रंगलं तर गोळी सुरू."

"लाकडात कुठला कॅन्सर? हरशील."

"हरले तर आनंदच होईल मला," ती म्हणाली, आणि हे मात्र थट्टेत नव्हतं. कोपऱ्यात काकू डोळे पुसत होत्या. काकांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने आपली सगळ्यात जुनी सागवानी जोडी खाली काढली. लाकूड पाण्यावर तरंगणार, म्हणून फर्म्यांच्या वरच्या भोकांत त्यांनी एकेक काठी ठोकून बसवली. खिळा मारायला निघाले तर मेहुणीने हात धरला. "लोखंड नको. का ते नंतर सांगते."

काम सोपं गेलं ते जलगुरूंच्याच कृपेने. किरण उजेडाला लाजतात म्हणून ते रोग्याच्या मांडीपासून टबापर्यंत काळं कापड पांघरत आणि पाणी रंगलं की झटक्याने बाजूला करत. पुढच्या सभेत काका कापडाखाली खुर्चीवर बसले. खरे पाय मागे दुमडले, पिशवीतून फर्मे काढून टबात सोडले आणि काठ्या गच्च दाबून धरल्या. डावा फर्मा सारखा टाच वर करत होता. मेहुणी शेजारी रुमाल घेऊन, काळजीत पडलेल्या नातेवाइकाचा चेहरा करून उभी होती.

भुकटी पडली. यंत्र गुणगुणलं. काका मनातल्या मनात म्हणत होते, रंगू नकोस. पण पाण्याला काही मुलाहिजा नव्हता. कापडाच्या फटीतून त्यांना पिवळी रेघ दिसली, मग तपकिरी. गोळी बंद केल्यापासूनचे सगळे दिवस त्यांना एकदम आठवले.

जलगुरूंनी फटीतून टबात डोकावून पाहिलं. "फार जुना आजार. हा वरचा थर यकृताचा. हा खालचा गाळ थेट हाडांच्या मगजातून आलाय. पण काळजी नको. या पायांत जीव आहे, ताकद आहे."

"ताकद आहेच," काका म्हणाले. माइक जवळच होता. "सागवान आहे ते."

त्यांनी कापड बाजूला केलं आणि काठ्या वर उचलल्या. दोन लाकडी पावलं ठिबकत हवेत उभी राहिली. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसलं. "झाडालाही कॅन्सर असतो," असं जलगुरू म्हणू पाहत होते, पण त्यांचं ऐकतो कोण.

मेहुणीने पाय नसलेल्या टबात खिशातल्या पुडीतलं साधं मीठ टाकलं आणि यंत्राचं बटण दाबलं. ते पाणीही बघता बघता काळं पडलं. मग तिने यंत्र उचलून दाखवलं. आत दोन लोखंडी पट्ट्या. "नुसत्या पाण्यातून वीज फारशी जात नाही. मीठ टाकलं की जाते आणि लोखंड झरझर गंजतं. तुम्ही आपल्या अंगातली घाण समजून पाहिलीत ती या पट्ट्यांचा गंज आहे. भुकटी म्हणजे मीठ. शाळेत याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते, पण रक्ताशी याचा काडीचा संबंध नाही."

जलगुरू मागच्या दाराने निघाले. पायात घालायला काहीच नसल्याने त्यांना बाहेरच्या खडीवरून नाचत जावं लागलं. तेवढ्यात, ज्यांच्या पायांखाली त्या दिवशी पाणी काळं झालं होतं, त्या बाई पुढे आल्या. त्या हसत नव्हत्या.

"मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? डॉक्टर म्हणाले, आजार मोठा आहे."

काकांनाही तेवढीच भीती वाटली होती, म्हणून तर गोळ्या बुटात गेल्या. "मीही हेच केलं," ते म्हणाले. "उद्या हॉस्पिटलला जातोय. या माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रागावल्या, पण पेटक्यांचं ऐकून जास्त रागावल्या. "हे मला सांगायचं होतं. त्यावर इलाज आहे, डोस बदलता येतो, दुसरी गोळीही आहे." मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. काकांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन तुकडे चुकीच्या जागी जुळलेत. त्यातून एक बटण तयार झालंय, ते सतत चालूच राहतं आणि पांढऱ्या पेशी वाढत सुटतात. गोळी त्या बटणाच्या खाचेत जाऊन बसते आणि ते बंद पाडते. काहींच्या पेशींत ती खाच बदलते, त्यांच्यासाठी संशोधकांनी नव्या गोळ्या घडवल्यात.

"म्हणजे फर्म्यावर बेतलेला जोडा," काका म्हणाले.

"तसंच समजा. पण जोडा कपाटात ठेवून चालता येत नाही."

बाईंचा आजार वेगळ्या जातीचा होता. त्यांना डॉक्टरीणबाईंनी नव्या इम्यून उपचाराबद्दल सांगितलं. रोग्याच्याच काही संरक्षक पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. "सगळ्यांना लागू पडत नाही. त्रासही होऊ शकतो. तुम्हाला चालेल का, ते तपासून सांगेन." बाई म्हणाल्या, "तो तर खात्रीने सांगायचा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याला खात्री परवडते. त्याला तपासायचं नसतं."

काकांचा आजार मुळासकट गेलेला नाही, पण नव्या गोळीने त्याला लगाम बसला आहे. गोळीचा डबा काकूंच्या ताब्यात आहे आणि दुकानातला प्रत्येक बूट त्या अधूनमधून उलटा करून पाहतात. दर्शनी भिंतीवर ती सागवानी जोडी टांगलेली आहे, खाली पाटी: 'यांच्यातून कॅन्सर निघाला होता. दोन्ही पाय ठणठणीत आहेत.'

कोणी नवा चमत्कार घेऊन दुकानात आला की काका हातातलं काम थांबवत नाहीत. माप घेता घेता एवढंच विचारतात, "लाकडावर करून पाहिलंत का?"