पंख्यालाही वारा लागतो

आमच्या मालकांना लकवा मारला तो थंडीत, पण त्यांचे खरे हाल केले ते डोक्यावरच्या पत्र्यानं. चैत्र लागला तशी खोली भट्टी झाली. दिवसा लाइटीचा भरवसा नाही, आणि आली तरी टेबलफॅन गरम हवाच तोंडावर मारायचा.

लेक अमृत चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आये, रविवारी गाडी घेऊन येतो. दादांना फ्लॅटवर नेतो. तिथं एसी हाय."

मालकांची वाचा गेलेली. त्यांनी चांगल्या हातानं बाजेचा दांडा धरला, तो सोडीचनात. जन्मभर बेल्ह्याच्या मातीत राबलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचा, म्हणजे रोप उपटून खुंटीला टांगायचं.

मी म्हटलं, "रविवारपतुर खोली गार झाली तर?"

"तर ऱ्हाऊ दे. पण न्हाई झाली तर तू आडवी यायचं न्हाई."

अमृतची पोरगी अक्षदा नारायणगावला कॉलेजात जाते, राहते माझ्याकडं. तिनं हे मनावर घेतलं. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन बंद पडलं होतं, त्याचं सोलर पॅनल काढलं. इस्माईलभाईंच्या दुकानातून बॅटरीवरच्या कुलरची मोटर आणि पातं आणलं. आढ्याजवळ पत्र्याला भोक पाडलं, बूड कापलेल्या घमेल्यात मोटर बसवली, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर चार बोटं फट ठेवून परात पालथी घातली.

"माझी परात?"

"चिरलेली व्हती, आजे."

"चिरलेली असंना. माझ्या आईची व्हती. आन् हा पंखा काय आभाळाला वारा घालनार व्हय?"

"न्हाई. वर साठलेली गरम हवा बाहेर फेकनार."

ऊन चढलं तसा पंखा घुमायला लागला. जेवढं ऊन कडक, तेवढा तो जोरात. जो जाळतोय त्यालाच कामाला लावलं, हे मला पटलं. मी तसं बोलले नाही. पोरी लगेच शेफारतात.

पण झळ नको म्हणून दारं आम्ही गच्च लावलेली. पंख्यानं ओढ धरली आणि शेजारच्या खोलीतल्या चुलीचा धूर दाराखालच्या फटीतून थेट मालकांच्या अंगावर आला. खोकून खोकून त्यांचा जीव अर्धा झाला. मी पळत जाऊन चूल विझवली.

अक्षदा म्हणाली, "वरनं हवा काढायची तर खालनं दुसरी आत यायला पायजे. गार जाग्याची."

"मग पश्चिमेला भोक पाड."

"तिकडं ऊन. दारापुढं तापलेली शेड. राहिली उत्तर."

उत्तरेच्या भिंतीत खिडकी होती. वाटणी झाली तेव्हा पलीकडचं अंगण धाकट्या दिराकडं गेलं. आमच्याकडे वाटणीत वाकडं आलं की भावाच्या अंगणाकडची खिडकी विटांनी बुजवतात. बघणं नको, ऐकणं नको. मी स्वतः उभी राहून ती बुजवून घेतली, आणि तेव्हा मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पलीकडं चिंचेची दाट सावली आहे. तिथं त्याची बायको, माझी जाऊ साळुबाई, भाजी निवडत बसते. खिडकी बुजवली त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही.

शनिवारी दुपारी मालकांच्या कपाळावर ओला फडका ठेवला, तो बघता बघता वाळला. ते विटांकडं बघत होते. हा माणूस इतकी वर्षं त्याच भिंतीकडं तोंड करून झोपतोय. मला वाटायचं, त्याला उजेड सोसत नाही.

मी पहार उचलली. अक्षदा पुढं आली, तिला म्हटलं, "तू सर. मी बुजवली, मीच फोडीन."

पहिली वीट पलीकडं पडली.

"कोन हाय?" साळूचा आवाज.

"मी हाय."

"आमच्या अंगनात इटा पडत्यात."

"मग बाजूला हो, डोक्यात पडंल."

"बाई, तुमची जीब काय वाळली न्हाई अजून."

"तुझ्यासाठीच वली ठिवलीय."

तिनं पडलेली वीट बाजूला सारली. मग म्हणाली, "भावजींना झळ सोसंना व्हय?"

"व्हय."

त्या एका शब्दाला मला पहारीपेक्षा जास्त जोर लागला.

रविवारी अमृत आला तो भर उन्हाचा. पंखा वर घुमत होता. खिडकीतून चिंचेखालची हवा आत येऊन बाजेवरून वर सरकत होती. तो बापाच्या उशाशी बराच वेळ बसला. घाम पुसायला रुमाल काढला होता, तो तसाच हातात राहिला.

तेवढ्यात पलीकडं पाणी शिंपडल्याचा आवाज आला आणि हवेला एकदम गारवा चढला. साळू खिडकीखाली सडा टाकत होती. भर दुपारी कोणी सडा टाकत नाही.

"कोन हाय तिकडं?" अमृतनं विचारलं.

"तुझी चुलती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. मालकांचा हात दांड्यावर नव्हता. छातीवर मोकळा पडला होता, आणि डोळे मिटून ते बारीक घोरत होते. अमृतनं गाडीची चावी खिशात घातली.

मी खिडकीशी गेले. "साळू, पानी लई टाकू नगं. भिंतीला वल चढंल."

तिनं आणखी एक तांब्या ओतला.